एक्स्टेंडेड फाइल अ‍ॅट्रिब्यूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइलला चिकटवलेली जादा माहिती लावायची कशी, वाचायची कशी आणि मुख्य म्हणजे ती हरवू द्यायची नाही ती कशी, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिनक्सची आहेत, मॅकओएस आणि फ्रीबीएसडी शेवटच्या प्रश्नात येतात. आज्ञा उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टाइप करायच्या. पर्यायातलं अक्षर ‘कॅपिटल’ असं वेगळं सांगितलं नसेल तर स्मॉल समजावं.

१. एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे नेमकं काय? फाइलचा आकार, मालक, परवानग्या हे सगळं तर आधीच असतं ना?

असतं, पण ते रकाने ठरलेले आहेत. आयनोडमध्ये (डिस्कवर प्रत्येक फाइलसाठी ठेवलेली माहितीची नोंद) मालक, गट, परवानग्या, आकार आणि वेळा यांच्यासाठी जागा असते, तुमच्या मनातल्या नोंदीसाठी नसते. एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे नाव आणि मूल्य अशी जोडी, जी फाइलच्या मजकुरात न शिरता त्याच आयनोडला टांगली जाते. ‘सातबारा.पीडीएफ’ला ‘स्थिती = तपासला’ अशी खूण लावली तरी पीडीएफचा एक बाइटही बदलत नाही. शा-२५६ चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आधी होता तोच राहतो.

‘आयनोडला टांगलेली’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथेच आहे.

२. लावायचं, वाचायचं, काढायचं कसं?

‘अ‍ॅटर’ नावाचं पॅकेज लागतं. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा तिन्हींत त्याचं नाव हेच आहे. त्यात दोन आज्ञा मिळतात: सेटफॅटर आणि गेटफॅटर. स्पेलिंग सोपं आहे: सेट किंवा गेट, मग एफ, मग अ‍ॅट्रिब्यूट या शब्दाची पहिली चार अक्षरं.

लावायला: `सेटफॅटर -एन यूजर.स्थिती -व्ही तपासला सातबारा.पीडीएफ`
एकच वाचायला: `गेटफॅटर -एन यूजर.स्थिती सातबारा.पीडीएफ`
सगळी, मूल्यांसह: `गेटफॅटर -डी सातबारा.पीडीएफ`
काढायला: `सेटफॅटर -एक्स यूजर.स्थिती सातबारा.पीडीएफ`

त्याच नावाने पुन्हा लावलं तर जुनं मूल्य जातं आणि नवं बसतं, विचारणा होत नाही. स्क्रिप्टमध्ये नुसतं मूल्य हवं असेल तर गेटफॅटरला `--ओन्ली-व्हॅल्यूज` द्या. मात्र तो शेवटी नवी ओळ टाकत नाही, त्यामुळे टर्मिनलवर प्रॉम्प्ट मूल्याला चिकटून दिसतो.

३. नावाआधी ‘यूजर.’ का लिहायचं? न लिहिता केलं तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ येतं.

टिंबाच्या आधीचा भाग म्हणजे नेमस्पेस. तो नसेल तर या नावाचं काय करायचं हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळत नाही, म्हणून तो नकार देतो. संदेश वाचून लोक फाइलसिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेला) दोष देतात, चूक मात्र नावात असते. नेमस्पेस चार आहेत.

*यूजर* तुमच्या-आमच्यासाठी. वाचायला फाइलची वाचनाची परवानगी लागते, लावायला लेखनाची. इथे एक खाच आहे: फाइल तुमचीच असली, पण परवानग्या ४४४ (फक्त वाचन) असल्या, तर ‘परमिशन डिनाइड’ येईल. मालक म्हणून तुम्ही परवानग्या बदलू शकता, म्हणून आधी लेखन उघडा, अ‍ॅट्रिब्यूट लावा, पुन्हा बंद करा.

*सिक्युरिटी* मध्ये एसईलिनक्सचं (लिनक्सच्या जादा सुरक्षा-नियमांचं) लेबल आणि प्रोग्रामच्या केपेबिलिटी (प्रोग्रामला दिलेले ठरावीक जादा अधिकार) राहतात (प्रश्न १० आणि ११). *सिस्टिम* मध्ये पॉझिक्स एसीएल (कुणाला काय करता येईल याची वाढीव यादी) असतात. ते गेटफॅकल-सेटफॅकलनेच हाताळा, इथून हात लावू नका. *ट्रस्टेड* फक्त रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने वाचता-लिहिता येतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) ज्यावर चालतं ते ओव्हरले-एफएस (थरांवर थर रचणारी फाइलसिस्टिम) आपल्या खुणा तिथे ठेवतं.

४. माझ्या फाइलसिस्टिमवर हे चालेल का?

ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, झेडएफएस: चालतं. ईएक्सटी४ वर पूर्वी माउंट करताना (डिस्क जोडताना) ‘यूजर_एक्सअ‍ॅटर’ लिहावं लागे, आता ते मुळातच चालू असतं. जुन्या लेखांतली ती एफएसटॅबची (माउंटच्या यादीची) ओळ आज लागत नाही.

फॅट३२ आणि एक्सफॅट: चालत नाही. म्हणजे नेहमीचे पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं बाद.

टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) हा फसवा प्रकार आहे. त्यावर ‘यूजर.’ची सोय लिनक्स ६.६ पासून आली. बऱ्याच वितरणांत ‘/टीएमपी’ हीच टीएमपीएफएसवर असते. लोक तिथे रिकामी फाइल बनवून चाचणी घेतात, नकार येतो आणि ‘माझ्या मशीनवर चालत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. चाचणी नेहमी जिथे फाइली खरोखर राहणार आहेत त्याच डिरेक्टरीत घ्या.

एनएफएसवर (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरण्याची सोय) ‘यूजर.’ अ‍ॅट्रिब्यूट चालतात, पण तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: प्रोटोकॉल ४.२, दोन्ही टोकांना लिनक्स ५.९ किंवा पुढचा कर्नल, आणि सर्व्हरच्या मूळ फाइलसिस्टिमचं पाठबळ. एनएफएसच्या जुन्या आवृत्तीने माउंट झालेलं असेल तर नकार येणारच.

५. ‘एलएस -एल’ मध्ये काहीच दिसत नाही. गेटफॅटरमध्येही काही फाइलींचं काही दिसत नाही.

लिनक्सच्या एलएसमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह आलं तर एसीएल आहे, टिंब आलं तर एसईलिनक्सचं लेबल आहे. ‘यूजर.’ अ‍ॅट्रिब्यूटसाठी कुठलंच चिन्ह नाही, ते विचारल्याशिवाय दिसत नाहीत.

गेटफॅटर न सांगता फक्त ‘यूजर.’ नेमस्पेस दाखवतो. सगळ्या हव्या असतील तर `गेटफॅटर -डी -एम - फाइल`. त्या ‘-एम’ पुढचं एकटं उणे चिन्ह म्हणजे ‘नाव कुठलंही चालेल’. ट्रस्टेड बघायला हीच आज्ञा रूट म्हणून चालवा.

६. मूल्य मराठीत दिलं तर वाचताना गिचमीड का येते?

गेटफॅटर मूल्याचे बाइट तपासतो. न छापण्याजोगे बाइट एका मर्यादेपेक्षा जास्त निघाले की तो मूल्य बेस-६४ मध्ये दाखवतो आणि सुरुवातीला शून्य व एस जोडतो. देवनागरीचा प्रत्येक बाइट त्याच्या हिशेबात न छापण्याजोगा ठरतो. माहिती शाबूत असते. `गेटफॅटर -डी -ई टेक्स्ट फाइल` म्हणा, मराठी जशीच्या तशी येईल.

मूल्य मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही. अ‍ॅट्रिब्यूटचं *नाव* मात्र रोमनमध्ये ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे. (वरची उदाहरणं नागरीत दिसतात ती फक्त या पानाच्या रीतीमुळे.) कर्नल नावं बाइटवार ताडतो. ‘ऱ’ हे अक्षर एकच कोड म्हणूनही येतं आणि ‘र’ला खाली नुक्ता लावूनही. ‘ऱ्य’ मधला र काही कीबोर्ड तिसऱ्याच पद्धतीने घडवतात. पडद्यावर सगळं सारखं दिसतं, पण ‘सुधारणाऱ्याचं’ असं काही नाव एका मशीनवर दिलं आणि दुसऱ्यावर शोधलं तर ‘नो सच अ‍ॅट्रिब्यूट’ येऊ शकतं. असा दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो.

७. किती मोठं मूल्य ठेवता येतं? डिस्क अर्धी रिकामी असून ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ का येतं?

लिनक्सची सर्वसाधारण मर्यादा अशी: नाव नेमस्पेससकट २५५ बाइट, एक मूल्य ६४ केबी, आणि एका फाइलच्या सगळ्या नावांची यादी मिळून ६४ केबी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. ‘सातबारा तपासला’ याचे ४० बाइट होतात.

ईएक्सटी४ त्याहून बरंच आवळून ठेवतं. तिथला आयनोड सहसा २५६ बाइटांचा असतो. ठरलेले रकाने वजा जाता अ‍ॅट्रिब्यूटसाठी शंभराच्या आत बाइट उरतात. तेवढ्यात मावलं नाही तर आणखी *एक* ब्लॉक मिळतो, सहसा ४ केबीचा. एका फाइलच्या सगळ्या नेमस्पेसमधली सगळी अ‍ॅट्रिब्यूट यातच बसवायची. एसईलिनक्सचं लेबल आणि एसीएलही याच जागेत वाटेकरी असतात. ब्लॉक भरला की कर्नल ‘जागा नाही’ म्हणतो, ‘डीएफ’ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) मात्र शेकडो जीबी मोकळे दाखवतो.

उपाय दोन. फाइलसिस्टिम बनवताना ‘ईए_आयनोड’ हे वैशिष्ट्य चालू करायचं, म्हणजे मोठं मूल्य स्वतंत्र आयनोडमध्ये जातं. यासाठी कर्नल ४.१३ किंवा पुढचा हवा. किंवा एक्सएफएस वापरायचं, जिथे ६४ केबीचं मूल्य सहज राहतं. तरीही, चार केबीच्या वर जाणारी गोष्ट बहुधा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवायचीच नसते. तिला वेगळी फाइल द्या.

६४ केबीच्या वरचं मूल्य दिलं तर ‘अर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा वेगळाच संदेश येतो. त्याचा आज्ञेतल्या शब्दसंख्येशी संबंध नाही.

८. कॉपी केल्यावर अ‍ॅट्रिब्यूट गायब झाले. कोणत्या आज्ञेने टिकतात?

साध्या ‘सीपी’ने टिकत नाहीत. ‘सीपी -पी’ने परवानग्या, मालक आणि वेळा टिकतात, ‘यूजर.’ अ‍ॅट्रिब्यूट नाही. यावर अनुभवी माणसंही फसतात.

‘सीपी -ए’ ते नेतो, पण लक्ष्य फाइलसिस्टिमला जमत नसेल तर चकार शब्द न काढता सोडून देतो. नेलेच पाहिजेत असं असेल तर `सीपी -ए --प्रिझर्व्ह=एक्सअ‍ॅटर` असं नाव घेऊन सांगा, मग जमलं नाही तर चूक दाखवली जाते.

‘एमव्ही’ एकाच फाइलसिस्टिममध्ये असेल तर फक्त नाव हलतं, आयनोड तोच, म्हणून सगळं टिकतं. दुसऱ्या डिस्कवर नेताना तो कॉपी करून मूळ पुसतो. अ‍ॅट्रिब्यूट नेण्याचा प्रयत्न करतो, पण पलीकडे सोयच नसेल तर गप्प राहतो आणि मूळ तर पुसलेलं असतं. पेनड्राइव्हवर ‘एमव्ही’ करून परत आणलेल्या फाइलींच्या खुणा परत मिळत नाहीत.

‘आरसिंक -ए’ (आरसिंक म्हणजे फाइली ताडून कॉपी करणारा प्रोग्राम) मध्ये ‘ए’ म्हणजे ‘आर्काइव्ह’ असला तरी त्यात अ‍ॅट्रिब्यूट आणि एसीएल येत नाहीत. अ‍ॅट्रिब्यूटसाठी कॅपिटल एक्स, एसीएलसाठी कॅपिटल ए, हार्डलिंकसाठी (एकाच फाइलची अनेक नावं) कॅपिटल एच वेगळे लावा. साध्या वापरकर्त्याने चालवलं तर फक्त ‘यूजर.’ जातात, बाकीच्यांसाठी रूट लागतो. डॉकरची ओव्हरले डिरेक्टरी कॅपिटल एक्सशिवाय हलवली तर ‘ट्रस्टेड.ओव्हरले.ओपेक’ ही खूण हरवते आणि वरच्या थरात पुसलेल्या डिरेक्टरीतल्या खालच्या थरातल्या जुन्या फाइली पुन्हा दिसू लागतात.

गिट आपल्या साठ्यात अ‍ॅट्रिब्यूट ठेवतच नाही.

९. टारमध्ये `--एक्सअ‍ॅटर्स` देऊन बांधलं, तरी उघडल्यावर काही अ‍ॅट्रिब्यूट नाहीत.

ग्नू टारला (फाइली एका आर्काइव्हमध्ये बांधणाऱ्या आज्ञेला) हा पर्याय दोन्ही वेळा द्यावा लागतो, बांधतानाही आणि उघडतानाही. उघडताना दिला तरी न सांगता फक्त ‘यूजर.’ परत बसतात. केपेबिलिटी वगैरे हव्या असतील तर रूट म्हणून `टार --एक्सअ‍ॅटर्स --एक्सअ‍ॅटर्स-इन्क्लूड='*'` असं उघडा. ताराचिन्हाभोवतीची अवतरणं विसरू नका, नाहीतर शेल त्याचा वेगळाच अर्थ लावू शकतो.

आर्काइव्ह बांधल्यावर एकदा रिकाम्या डिरेक्टरीत उघडून गेटफॅटरने पडताळा. हे काम मूळ डिस्क पुसायच्या आधी करायचं असतं.

१०. प्रोग्रामला ‘सेटकॅप’ केलं होतं, अपडेटनंतर तो पोर्ट ८० उघडत नाही.

`सेटकॅप` जे लिहितो ते ‘सिक्युरिटी.केपेबिलिटी’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट असतं. अपडेटमध्ये जुनी फाइल जाऊन नवी येते, म्हणजे नवा आयनोड आणि खूण नाही. तीच फाइल उघडून तिच्यात एक बाइट लिहिला किंवा मालक बदलला, तरी कर्नल ती खूण मुद्दाम काढून टाकतो. नाहीतर कुणीही विश्वासू प्रोग्रामच्या आत स्वतःचा कोड घालून वरचा अधिकार मिळवला असता. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर `सेटकॅप` पुन्हा चालवायची सोय करा आणि `गेटकॅप`ने खात्री करा. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे सिस्टिमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्येच ‘अँबियंट केपेबिलिटीज’ लिहिणं, मग अ‍ॅट्रिब्यूटवर अवलंबून राहावं लागत नाही.

११. होम डिरेक्टरीतून ‘एमव्ही’ने वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत फाइल नेली. परवानग्या ६४४ (सगळ्यांना वाचन) आहेत, तरी सर्व्हर ‘फॉरबिडन’ म्हणतो.

फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर असाल तर हे एसईलिनक्सचं लेबल आहे. एमव्हीने आयनोड जसाच्या तसा हलवला (प्रश्न ८), म्हणून ‘ही फाइल होममधली’ असं सांगणारं जुनं लेबलही बरोबर आलं. साध्या ‘सीपी’ने नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. दुरुस्ती एका ओळीची: `रीस्टोरकॉन -आर -व्ही` आणि पुढे डिरेक्टरीचं नाव. इथला आर स्मॉल-कॅपिटल कुठलाही चालतो. एसईलिनक्स बंद करून बसू नका.

१२. एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली आणि अ‍ॅट्रिब्यूट गेले. असं का?

काही प्रोग्राम त्याच फाइलमध्ये लिहीत नाहीत. आधी तात्पुरती नवी फाइल लिहितात, मग तिला जुन्या फाइलचं नाव देतात. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल राहू नये म्हणून ही चांगली सवय आहे, पण नवा आयनोड कोरा असतो. `सेड -आय` हेच करतो. व्हिम परिस्थिती पाहून ठरवतो, त्याला `सेट बॅकअपकॉपी=येस` सांगितलं की तो तोच आयनोड राखतो.

कुठलाही प्रोग्राम कसा वागतो हे ओळखायला `एलएस -आय` पुरे. सेव्हच्या आधी आणि नंतर आकडा बघा, बदलला तर फाइल नवी आहे.

१३. लावायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. रूट असूनही.

दोन शक्यता तपासा. पहिली, फाइलवर `चॅटर`ने ‘आय’ किंवा ‘ए’ झेंडा लावलेला आहे. `एलएसअ‍ॅटर`ने बघा, आणि `चॅटर`लाच उणे चिन्ह देऊन काढा. नावं सारखी असल्याने घोटाळा होतो, पण `चॅटर`चे झेंडे म्हणजे एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट नव्हेत. ते फाइलसिस्टिमचे ठरलेले बिट आहेत आणि गेटफॅटरला दिसत नाहीत.

दुसरी, तुम्ही `सेटफॅटर -एच` वापरून सिमलिंकलाच (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यालाच) ‘यूजर.’ लावताय. ती परवानगी नाही, ‘यूजर.’ फक्त साध्या फाइलींना आणि डिरेक्टऱ्यांना लागतं. सिमलिंकच्या परवानग्या सगळ्यांना मोकळ्या दिसतात. तिथे मुभा असती तर कुणीही कुणाच्याही लिंकवर मूल्यं साठवून डिस्क भरली असती. ‘-एच’ न देता केलं तर अ‍ॅट्रिब्यूट लिंकच्या पलीकडच्या खऱ्या फाइलला लागतं. हार्डलिंकचं वेगळं: दोन्ही नावं एकाच आयनोडची, म्हणून एकीला लावलं की दुसरीलाही दिसतं.

१४. सगळ्या अ‍ॅट्रिब्यूटची एकगठ्ठा नोंद ठेवून नंतर परत बसवता येते का?

येते, आणि ठेवावीच. आधी प्रकल्पाच्या डिरेक्टरीत जा, मग: `गेटफॅटर -आर -डी . > नोंद.टेक्स्ट`. इथला आर कॅपिटल. परत बसवायला त्याच डिरेक्टरीत उभं राहून `सेटफॅटर --रीस्टोर=नोंद.टेक्स्ट`.

नोंदीत मार्ग सापेक्ष असतात. दुसऱ्या डिरेक्टरीतून चालवलं तर फाइली सापडत नाहीत. मधल्या काळात नाव बदललेल्या फाइलीही अर्थात सापडणार नाहीत. ‘-एम -’ देऊन सगळ्या नेमस्पेसची नोंद करण्याचा मोह टाळा: परत बसवताना जुनी एसईलिनक्स लेबलं आणि एसीएलही लादली जातील. एसीएलसाठी `गेटफॅकल -आर` (कॅपिटल) आणि `सेटफॅकल --रीस्टोर` हीच जोडी बरी.

१५. अ‍ॅट्रिब्यूट बदललं तर फाइलची वेळ बदलते का? बॅकअपला ते कळतं का?

सी-टाइम (आयनोडमधल्या बदलाची वेळ) बदलतो, एम-टाइम (मजकुरातल्या बदलाची वेळ) नाही. जो बॅकअप फक्त एम-टाइम आणि आकार पाहतो त्याला अ‍ॅट्रिब्यूटमधला बदल दिसत नाही. आरसिंकला कॅपिटल एक्स दिलं असेल तर तो अ‍ॅट्रिब्यूट स्वतंत्रपणे ताडतो आणि `-आय`च्या यादीत एक्स अक्षराने दाखवतो.

१६. उतरवलेल्या फाइलींमध्ये माझ्या नकळत काही लिहिलेलं असू शकतं का?

हो. ‘यूजर.एक्सडीजी.ओरिजिन.यूआरएल’ या नावाखाली फाइल कुठून आणली तो पत्ता ठेवण्याची प्रथा आहे. डब्ल्यूगेटच्या १.२०.१ च्या आधीच्या काही आवृत्त्या हे न विचारता करत, आणि पत्त्यात लॉगिन नाव व पासवर्ड असेल तर तेही जसंच्या तसं लिहीत. ही त्रुटी सीव्हीई-२०१८-२०४८३ म्हणून नोंदली गेली आणि १.२०.१ पासून ही सवय मुळातच बंद झाली. जुन्या फाइलींत ते अजून असेल. शोधायला: `गेटफॅटर -आर -डी -एम एक्सडीजी डाउनलोड्स` (आर कॅपिटल). सापडलं तर प्रश्न २ प्रमाणे ‘-एक्स’ने काढा आणि तो पासवर्डही बदला, कारण ती फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता.

सांबा (विंडोजच्या मशीनना फाइली पुरवणाऱ्या) सर्व्हरवर ‘यूजर.डॉसअ‍ॅट्रिब’ दिसलं तर मात्र राहू द्या. विंडोजचे हिडन, आर्काइव्ह वगैरे झेंडे सांबा तिथे ठेवतो.

१७. पायथनमधून करता येतं का?

लिनक्सवर येतं, ३.३ पासून, जादा मॉड्यूलशिवाय: `ओएस.सेटएक्सअ‍ॅटर`, `ओएस.गेटएक्सअ‍ॅटर`, `ओएस.लिस्टएक्सअ‍ॅटर`. मूल्य बाइट्स हवं. मराठी स्ट्रिंग थेट दिली तर टाइपएरर येतो, आधी `.एन्कोड()` करा.

१८. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर हेच चालतं का?

कल्पना तीच, आज्ञा वेगळ्या. मॅकवर `एक्सअ‍ॅटर` ही एकच आज्ञा आहे: ‘-एल’ यादी मूल्यांसह, ‘-डब्ल्यू’ लिही, ‘-पी’ दाखव, ‘-डी’ काढ. ‘यूजर.’ लावायची गरज नाही. `एलएस -एल` मध्ये परवानग्यांच्या शेवटी ‘@’ दिसलं की अ‍ॅट्रिब्यूट आहे. उतरवलेलं अ‍ॅप उघडताना येणारी सूचना ‘कॉम.अ‍ॅपल.क्वारंटाइन’मुळे असते. ते काढता येतं, पण अ‍ॅप कुठून आलं याची खात्री असेल तरच काढा. मॅकवरून एक्सफॅट पेनड्राइव्हवर फाइली नेल्या की टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जोडफाइली तयार होतात. तो कचरा नव्हे, त्या फाइलींची अ‍ॅट्रिब्यूटच तिथे ठेवलेली असतात.

फ्रीबीएसडीवर नेमस्पेस दोनच, यूजर आणि सिस्टिम, आणि ती नावात टिंब देऊन जोडायची नसते, वेगळा शब्द म्हणून द्यायची असते: `सेटएक्स्टअ‍ॅटर यूजर स्थिती तपासला सातबारा.पीडीएफ`. वाचायला `गेटएक्स्टअ‍ॅटर`, यादीला `एलएसएक्स्टअ‍ॅटर`, काढायला `आरएमएक्स्टअ‍ॅटर`.